चौथी खूण

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थिनी झाले, आणि त्याचं खापर मी आजही टाळेबंदीवर फोडते. त्या काळात शाळा मोबाईलमध्ये शिरली आणि वीस वर्षं विज्ञान शिकवणाऱ्या मला कळलं, की समोर मुलं नसली तर मला काहीच शिकवता येत नाही. मी पडद्याकडे बघून बडबडत असायची आणि पलीकडून कुणाच्या तरी घरातल्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. पुढे शाळा पुन्हा भरल्या, सगळे ते दिवस विसरले. मला मात्र ते लागून राहिलं.

मग दोन वर्षांचा एक ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रम सापडला. विषय होता अध्यापन-रचना आणि शैक्षणिक तंत्रज्ञान. लोक विचारायचे, म्हणजे नेमकं काय? मी म्हणायची, शिकवायचं कसं ते शिकायचं. त्यावर आमच्या शाळेतले एक ज्येष्ठ शिक्षक म्हणाले, "मग इतकी वर्षं तुम्ही काय करत होतात?" त्यांच्याशी मी आठवडाभर बोलले नाही.

पण अभ्यास मला मनापासून आवडला. एखादं काम घ्यायचं, त्याच्या बारीक बारीक पायऱ्या पाडायच्या, शिकणाऱ्याला आधी काय येतं ते तपासायचं, कुठे आधार द्यायचा आणि तो कधी काढून घ्यायचा ते ठरवायचं. सुरुवातीचे काही महिने मी या वेडाने घर डोक्यावर घेतलं होतं. नवऱ्याला चहा करण्याच्या सतरा पायऱ्या लिहून दिल्या. त्याने कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन चहा पिऊन आला.

शेवटच्या सत्रात प्रकल्प होता. एखाद्या जाणत्या माणसाच्या हातात असलेलं, पण कुठेही लिहिलेलं नसलेलं कौशल्य घ्यायचं आणि ते अनोळखी माणसाला घरबसल्या शिकता येईल असा पाठ तयार करायचा. विषय वाचला त्या क्षणीच माझं ठरलं. मी बाबांच्या खुणा घेणार होते.

माझे बाबा तांडेल होते. चाळीस वर्षं त्यांनी होडी हाकली. आमच्याकडे यंत्रं येण्याआधी समुद्रातली जागा किनाऱ्यावरच्या खुणांनी ओळखत. पाण्यात असताना जमिनीकडे बघायचं. पुढची एक वस्तू आणि तिच्या मागची एक वस्तू एकावर एक आली, की झाली एक रेष. दुसरीकडच्या दोन वस्तूंची दुसरी रेष. त्या दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे पाण्याखाली आपला खडक, आणि खडकापाशी मासळी. म्हणजे एका खडकाला चार खुणा. ज्या घरच्या त्या खुणा, त्या घराबाहेर जात नसत. आता भावाच्या होडीवर जागा दाखवणारं यंत्र आहे, पण तेसुद्धा दुरुस्तीला देताना तो आधी त्यातल्या जागा पुसून टाकतो.

भावाला बाबांनी खुणा सांगितल्या तेव्हा तो शाळेतच होता. मी त्याच्याहून मोठी. मला सांगितल्या नाहीत. मुलगी लग्न करून दुसऱ्या घरी जाणार, सोबत खुणाही नेणार, असा साधा हिशोब होता. त्याबद्दल घरात कधी कोणी बोललं नाही आणि मीही विचारलं नाही. पण दर्यावरून आल्यावर बाबा आणि भाऊ पडवीत बसून हळू आवाजात बोलायचे आणि मी चहा घेऊन गेले की गप्प व्हायचे, ते मला खुपायचं. इतक्या वर्षांनी अभ्यासाच्या निमित्ताने मला तेच हवं होतं, हे मार्गदर्शक मॅडमना कळलं नाही. मला कळत होतं. बाबांनी मला एकदा तरी ते सांगायला हवं होतं.

एका रविवारी भाट्याचा पूल ओलांडून मी माहेरी गेले. बरोबर तिवई, कॉलरला लावायचा माईक आणि एक छापील संमतीपत्र. बाबांची नजर तोवर काचबिंदूने जवळजवळ गेली होती. उजेड-अंधार कळे, माणसाची आकृती कळे, एवढंच. तरी मी येणार म्हणून त्यांनी दाढी केली होती, इस्त्रीचा सदरा घातला होता. मी सही कुठे करायची ते बोट धरून दाखवलं, त्यांनी अक्षर न अक्षर काढत सही केली. काय लिहिलंय ते विचारलंही नाही. मी मोबाईल तिवईवर बसवला आणि म्हटलं, आपल्या घरच्या खडकाच्या खुणा सांगा.

त्यांनी कॉलरला लावलेला माईक बोटांनी चाचपला. मग म्हणाले, "हे कोण कोण बघणार गो बाय?"

मला केवढा अभिमान होता. "कुणीही बघू शकेल बाबा," मी म्हटलं. "जगात कुठूनही."

"बरं," बाबा म्हणाले. आणि त्यांनी चारही खुणा सांगितल्या. देवळाचा कळस, त्याच्या पुढचा वाकडा माड, दुसरीकडे टेकाडाचं टोक, आणि चौथी, मागच्या डोंगरावरची पाण्याची टाकी. न अडखळता, शाळेत कविता म्हणावी तसं. मी घरी परतताना पुलावर गाडी थांबवून पाच मिनिटं नुसती उभी राहिले. मला सांगितलं होतं. भावासारखंच मलाही सांगितलं होतं.

पुढचे दोन महिने मी त्या पाठावर जीव ओतला. जेटीवर जाऊन फोटो काढले, चित्रं तयार केली, कळस सरकत सरकत माडाच्या डोक्यावर येतो ते हलतं चित्र केलं, प्रत्येक टप्प्यावर प्रश्न घातले. चुकलं तर काय सांगायचं, दोनदा चुकलं तर काय सांगायचं, सगळं. मॅडमनी पहिला खर्डा पाहिला आणि मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. असं काम या अभ्यासक्रमात आजवर आलं नव्हतं, म्हणाल्या. आता फक्त दोन गोष्टी राहिल्या होत्या. एका शिकणाऱ्याकडून पाठ तपासून घ्यायचा, आणि पाठातली माहिती अचूक आहे असं विषयाच्या जाणकाराने लिहून द्यायचं. जाणकार म्हणजे अर्थातच बाबा.

मी कागद घेऊन गेले, त्यांना सगळा पाठ वाचून दाखवला. त्यांनी मान डोलावत ऐकला. सहीची वेळ आली तेव्हा म्हणाले, आज हात कापतोय, उद्या ये. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आज अमावास्या. तिसऱ्या वेळी म्हणाले, जेवून घे आधी, आणि जेवण झाल्यावर झोपून गेले. मला वाटलं वय झालं, चालायचंच. जमा करायची तारीख बारा दिवसांवर आली होती.

दरम्यान मी भावाला गाठलं. त्याला खुणा ठाऊक होत्या, म्हणजे तो खरा शिकणारा नव्हता, पण मला घाई होती. तो बंदरावरच्या चहाच्या टपरीवर बसला होता. त्याने माझा मोबाईल घेतला आणि पाठ पुढे पुढे सरकवत गेला. शेवटापर्यंत जाऊन तो हसायला लागला.

"ताय, हे कुणी सांगितलं तुला?"

"बाबांनी. का?"

"तुझ्या ह्या शिकवणीनं गेलो तर मला वाळू मिळेल. चौथी खूण टाकी नाय."

"मग काय आहे?"

त्याचं हसू गेलं. त्याने मोबाईल परत दिला आणि पेला टेबलावर ठेवला. "ते तू त्यांनाच विचार. ते असेपर्यंत सांगायचा हक्क माझा नाय."

तिथून माहेर चालत दहा मिनिटांवर. त्या दहा मिनिटांत मी काय काय ठरवलं ते आज आठवलं तरी लाज वाटते. बाबा पडवीत रेडिओवर हवामान ऐकत होते. मी चपला न काढताच विचारलं, "बाबा, चौथी खूण टाकी आहे?"

त्यांनी रेडिओ बंद केला. "कुणी सांगितलं?"

"म्हणजे नाही."

"नाय."

"तुम्ही मला खोटं सांगितलंत. मी तुमची मुलगी आहे की कोण आहे?" माझा आवाज इतका चढला की शेजारची वहिनी दारात येऊन उभी राहिली. मी थांबले नाही. जन्मभर मला परकी धरलंत, म्हटलं. मुलाला खरं आणि मुलीला खोटं. मी दोन महिने मरमर केली त्या खोट्यावर. बरंच काही बोलले.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू परकी नायस. पण तवा तू एकटी नव्हतीस. तूच म्हणालीस ना, सगळं जग बघणार म्हणून? मग मी जगाला सांगितलं."

मी चपला काढल्या आणि पायरीवर टेकले.

"बाहेरच्यानं इचारलं तर नाय म्हणायचं नसतं," ते म्हणाले. "त्याचा अपमान होतो. तीन खऱ्या सांगायच्या, एक आपल्या मनची. पण ती मनची सांगताना इचार करून सांगायची. माणूस वाळूवर गेला पायजे. जाळं रिकामं आलं तर येवं दे. फाटता कामा नये."

"मग सही का करत नव्हतात?" मी विचारलं. "एवढं सांगितलंत, तर सहीही करून टाकायची."

"खोट्यावर सही कशी करू?" बाबा म्हणाले, आणि त्यांना माझ्या प्रश्नाचं खरोखरच आश्चर्य वाटलेलं दिसलं.

मी तशीच निघाले. घरी येऊन रागाने जेवले नाही. रागापेक्षा जास्त काहीतरी होतं. मी तिवई, माईक आणि संमतीपत्र घेऊन बापाच्या पुढ्यात गेले होते. दोन वर्षं शिकणाऱ्याचा अभ्यास करा, शिकणाऱ्याचा अभ्यास करा असं शिकले, आणि सांगणाऱ्याकडे मी एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

चार दिवसांनी भावाचा फोन आला. "बाबा म्हणतायत, उद्या सकाळी ये. मोबाईल घरी ठेवून."

थंडीचे दिवस होते, समुद्र निवांत होता. भावाची लहान फायबरची होडी होती. लग्नाआधी नारळी पौर्णिमेला खाडीत एक फेरी मारायची, त्यापलीकडे मी कधी होडीत बसले नव्हते. भावाने इंजिन धरलं. बाबा मधल्या फळीवर बसले, किनाऱ्याकडे पाठ करून. त्यांना तसाही किनारा दिसणार नव्हता. मला त्यांनी समोर बसवलं, त्यांच्या खांद्यावरून जमीन दिसेल अशी.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"देऊळ."

"आणि?"

"माड."

"देवळाच्या कुठल्या अंगाला?"

"उजव्या."

"मग अजून नाय." ते भावाला हाताने खूण करायचे, होडी थोडी सरकायची, आणि पुन्हा तोच प्रश्न. काय दिसतंय. हळूहळू त्यांनी विचारणं कमी केलं. मीच सांगू लागले. आता जवळ आला, आता अर्धा झाकला, आता नेमका वर. "मग सरळ बाहेर चला," मी भावाला म्हटलं, आणि बाबांनी मान हलवली. आधार द्यायचा आणि हळूहळू काढून घ्यायचा, यावर मी वीस पानी निबंध लिहिला होता. तो बाबांना वाचून दाखवला असता तर ते मान डोलावत झोपून गेले असते.

तिसरी खूण मी पकडली. चौथी त्यांनी सांगितलीच नाही. "आता तू बघ," म्हणाले. मी आधी टाकी म्हटलं, चिडवण्यासाठी. भाऊ हसला, बाबाही हसले. मग मी एक घर म्हटलं, मग एक झाड. दोन्ही चुकलं. होडी पुढे सरकत होती आणि मला अचानक ते दिसलं. इतकं उघड होतं की इतका वेळ कसं दिसलं नाही असं वाटलं. मी नाव घेतलं. बाबांनी हात वर केला आणि भावाने इंजिन बंद केलं.

ते काय होतं ते मी इथे लिहिणार नाही. आणि वर जे देऊळ आणि माड लिहिलेत त्यांच्या भरवशावर कुणी होडी काढू नये.

भावाने शिसं बांधलेली दोरी माझ्या हातात दिली. दोरी खाली गेली आणि हाताला टणक धक्का लागला. बाबांनी होडी थोडी किनाऱ्याकडे घ्यायला लावली. आता दोरी मऊ टेकली, थोडी रुतली. "ही वाळू," बाबा म्हणाले. "अलीकडं सगळी वाळू. पलीकडं गेलीस तर चिखल." त्यांनी ते मला तीन-चारदा करायला लावलं, खडक, वाळू, चिखल, मी डोळे मिटून सांगेपर्यंत. मला रडू येत होतं. बाबांना दिसणार नाही म्हणून मी डोळे पुसलेही नाहीत. भावाने तोंड फिरवलं आणि उगाच इंजिन तपासत बसला.

परत येताना मी बाबांना विचारलं, आता त्या पाठाचं काय करू? ते म्हणाले, "ते तुझं शिक्षण. तुझं तू बघ."

मी त्या दिवशी दुपारी संगणकासमोर बसले. एका चित्रातली टाकी काढून दुसरी वस्तू बसवायची होती. दहा मिनिटांचं काम. मग बाबांची सही मिळाली असती, खऱ्यावर. आणि टाकी तशीच ठेवली असती तरी मॅडमना आयुष्यात कळलं नसतं, सही मात्र बाबांच्या नावाने मलाच करावी लागली असती. मी दोन्ही केलं नाही. जाणकाराने संमती मागे घेतली आहे, असं मॅडमना लिहिलं. ते खोटं होतं. संमती मीच मागे घेतली होती. मग चित्रफीत पुसली, चित्रं पुसली, पाठ पुसला.

माझं एक सत्र बुडालं. माझ्या तुकडीतले सगळे पास झाले, त्यांनी गटावर पदवीदानाचा झगा घातलेले फोटो टाकले. मी शाबासकीच्या अंगठ्याची चित्रं टाकत राहिले आणि आतून जळत राहिले. सहा महिन्यांनी मी दुसरा प्रकल्प केला. आमच्या बंदरात आता नेपाळहून आलेले कितीतरी खलाशी आहेत. पेटीत बर्फ आणि मासळी कशी रचायची, ते त्यांना एकही शब्द न वापरता, नुसत्या चित्रांनी शिकवणारा पाठ. तो उपयोगी पडला, अजूनही दोन-चार होड्यांवर चिकटवलेला आहे. मॅडमनी शेरा लिहिला, काम नीटस आहे, पण पहिल्या प्रकल्पाची खोली यात नाही. तो शेरा मी बरेच दिवस मनातून काढू शकले नाही.

पदवी मिळाल्याचं बाबांना सांगायला गेले तर त्यांनी विचारलं, "मग आता तू काय शिकवणार?" मी म्हटलं, तेच, विज्ञान. ते म्हणाले, "मग बरं."

त्या वर्षी श्रावणात त्यांच्या छातीत पाणी झालं. सिव्हिलमध्ये ठेवलं होतं. त्यातून ते घरी आले नाहीत. मी शाळा सुटली की जाऊन बसायची. शेजारच्या खाटेवर खाडीपलीकडच्या वाडीतला एक तांडेल होता, पाय प्लास्टरमध्ये. चांगला माणूस होता, बाबांना पाणी देई, नर्सला हाक मारी. तो बाबांना दर्यावरून ओळखत होता, आणि बाबा त्याला आवाजाने.

शेवटच्या आठवड्यात एकदा संध्याकाळी बाबा डोळे मिटून पडले होते. मला वाटलं झोपलेत. अचानक म्हणाले, "बाय, आपला खडक सांग बघू."

शेजारच्या खाटेवरची हालचाल थांबली. त्या तांडेलाने मान फिरवली नाही, पण तो ऐकत होता. बाबांचं भान सुटलंय का, मला कळेना. वाकून कानात सांगावं, तर शेजारच्या खाटेवरच्या भल्या माणसाचा अपमान. गप्प बसावं, तरी अपमान. आणि बाबा वाट बघत होते.

मी नेहमीच्या आवाजात सांगायला सुरुवात केली. पहिली सांगितली, दुसरी, तिसरी. तिन्ही खऱ्या. मग थांबले. हाताला ती दोरी आठवली, धक्का कुठे लागला आणि मऊ कुठे लागलं ते. मनातल्या मनात होडी अलीकडे आणली, वाळूवर, खडकापासून चांगली लांब, आणि तिथून डोंगरावर काय दिसेल ते पाहिलं.

"चौथी, शाळेचं पत्र्याचं छप्पर," मी म्हटलं.

बाबांनी डोळे उघडले नाहीत. माझा हात चाचपून धरला.

"बरोबर," ते म्हणाले, शेजारच्या खाटेपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.